सियालदहचे झारेकरी

दार्जिलिंग मेल सुटावयास दीड-दोन तासांचा अवकाश आहे, नैहाटी, राणाघाट, बनगाव आणि कॅनिंगकडे परतणाऱ्या नोकरदारांचा लोंढा अद्याप ओसरलेला नाही, हमालांच्या डोक्यांवरील बोजे आणि कोले मार्केटातून उरलासुरला भाजीपाला घेऊन निघालेल्या बायकांच्या टोपल्या एकमेकांना घासत आहेत, अशा वेळी सियालदह स्थानकातील एका काचेच्या दाराशी एक पन्नाशीचे गृहस्थ शांतपणे उभे राहतात, पाकिटातील सात-आठ कार्डांतून नेमके एक निवडून काढतात, ते दाराशी बसलेल्या तरुणाच्या हातातील यंत्राला लावतात, त्यातून दोन रुपये वळते होतात, आणि गृहस्थ गादीच्या खुर्च्या, यांत्रिक गारवा, चहा आणि अल्पोपाहार यांच्या राज्यात दाखल होतात. रोखीने आत जाऊ म्हणणाऱ्यास याच दाराशी त्याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते.

ते आत गेले ते भुकेपोटी नव्हे. त्यांच्या पिशवीत घरून आणलेला लुची आणि आलूर दमचा डबा होता, आणि तो त्यांनी पुढे गाडीत यथास्थित उघडलाही असेल. पण ज्या कार्डावर दर तिमाहीस एकदा या विश्रांतिकक्षात शिरण्याची मुभा आहे त्या कार्डाची ही तिमाही आठवडाभरात संपणार होती, आणि वापरल्यावाचून मुदत टळलेली सवलत त्यांच्या जमाखर्चात सरळ नुकसानीच्या बाजूस पडते. क्रेडिट कार्डांवर मिळणारे पॉइंट, नवे कार्ड घेताना पदरात पडणारी स्वागताची देणगी, शुल्कमाफी आणि विमानतळांवरील व स्थानकांवरील कक्षांचे प्रवेश यांचा संग्रह करणे हाच ज्यांचा छंद, त्या पंथाचे ते एकनिष्ठ अनुयायी आहेत. ते बहूबाजारातील एका पेढीवर लेखापाल आहेत. त्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांचे नाव मी येथे देत नाही.

सियालदह हे या छंदाचे माहेरघर होय, असा माझा मुळीच दावा नाही. मुंबई, बंगळूर आणि गुरगाव येथे या पंथाचे याहून मोठे आणि याहून धनवान साधक आहेत. परंतु विमानतळावरील आलिशान कक्षात बसून जी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही ती येथे येते, कारण येथे काचेच्या आत कार्ड आहे, काचेच्या बाहेर मंडई आहे, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एका रस्त्याचे अंतर आहे. १८६९ सालच्या या स्थानकाच्या फलाटांवर फाळणीनंतर निर्वासितांचे संसार वर्षानुवर्षे पडून होते. रोख पैशाचे मोल या जागेइतके क्वचितच दुसऱ्या कोणत्या जागेला ठाऊक असेल.

तो रस्ताही साधासुधा नाही. स्थानकासमोरून उत्तर-दक्षिण जाणारा, आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव धारण करणारा आणि पूर्वी सर्क्युलर रोड म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग ज्या रेषेवर आहे ती रेषा मुळात मराठ्यांच्या भयाने आखलेली. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालच्या सुभ्यात धुमाकूळ घालीत असता, १७४२ साली, कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. सुमारे तीन मैल खणून होतात तोच भीती ओसरली, काम थांबले, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मराठे खंदकाच्या काठी कधी फिरकलेच नाहीत. शतकाच्या अखेरीस खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. मराठे आले ते पुढे, घोड्यांवरून नव्हे तर रेल्वेने, आणि हाती भाल्याऐवजी मूस घेऊन. पण जुने सोने आटवणाऱ्या त्या गलाईवाल्यांकडे वळण्यापूर्वी लेखापालांची वही पाहिली पाहिजे.

हा त्यांचा जमाखर्च संगणकावर नाही, याचे मला प्रथम नवल वाटले. स्थानकाला लागूनच बैठकखाना बाजार आहे, तेथल्या एका जुन्या वडाखाली जॉब चार्नॉक हुक्का ओढीत बसे अशी आख्यायिका कलकत्तेकर मोठ्या आवडीने सांगतात. वड गेला, हुक्का गेला, पण कागदाची आणि वह्यांची दुकाने तेथे नांदत आहेत, आणि लाल खारव्याच्या कापडात बांधलेल्या, दोरीने आवळून ठेवावयाच्या लांबट चोपड्या त्या दुकानांतून अजून मिळतात. असल्याच एका चोपडीत त्यांनी डाव्या पानावर कार्डांची आणि उजव्या पानावर पॉइंटांची खाती घातली आहेत. कार्डापुढे बिल निघण्याची तारीख, भरणा करण्याची तारीख, वार्षिक शुल्क, ते माफ व्हावे म्हणून वर्षभरात किती खर्च पडला पाहिजे आणि त्यांपैकी आजवर किती पडला, असे रकाने. पॉइंटांच्या बाजूस जमा, खर्च, शिल्लक, आणि अगदी कडेला तांबड्या शाईने मुदत संपण्याचा महिना. एका रकान्याच्या माथ्यावर ‘व्याज’ असे लिहिलेले होते आणि तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. तो कोरा रकाना त्यांनी मला इतर कोणत्याही नोंदीपेक्षा अधिक अभिमानाने दाखविला.

मासल्यादाखल त्यांनी रेल्वेच्या कार्डाचे पान वाचून दाखविले. स्टेट बँकेची कार्ड-कंपनी आणि रेल्वेचे खानपान व पर्यटन महामंडळ यांचे हे संयुक्त कार्ड. प्रवेशशुल्क ५०० रुपये, त्यावर कर ९०. पहिल्या दीड महिन्यात ५०० रुपयांची एक खरेदी केली की स्वागताचे ३५० पॉइंट जमा, आणि रेल्वेच्या तिकिटापुरता एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तेव्हा पहिल्या वर्षाचा निव्वळ बोजा २४० रुपये. त्याच्या मोबदल्यात विश्रांतिकक्षाच्या चार फेऱ्या, फेरीमागे ६० रुपये आणि दाराशी कापले जाणारे दोन, एकूण ६२. शिवाय वातानुकूलित वर्गाची तिकिटे या कार्डावर काढली तर शेकडा दहापर्यंत परतावा पॉइंटांच्या रूपाने मिळतो, आणि वर्षातून एकदा सहकुटुंब दार्जिलिंगला जाण्याचा त्यांचा जो परिपाठ आहे त्यातले परतीचे तिकीट बहुधा त्यातूनच निघते. हे सर्व सांगताना त्यांच्या स्वरात लोभाचा लवलेश नव्हता. एखादा वैयाकरण दुर्मिळ अपवाद सांगताना जसा खुलतो तसे ते खुलले होते, आणि मला वाटते, या छंदाचे मर्म तेथेच आहे. पैसा हे निमित्त. खरा रस आहे तो नियमावलीच्या बारीक टाइपातील फट शोधण्यात.

ही विद्या अर्थातच मूळची अमेरिकेची. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी नियमित प्रवाशांच्या नावे उड्डाणाचे मैल जमा करण्याची योजना काढली, इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले, पुढे बँकांनी तेच मैल आपल्या कार्डांवरून वाटण्यास आरंभ केला, आणि मग उडण्यापेक्षा मैल साठविण्यातच ज्यांना अधिक गोडी वाटते असा एक वर्ग निपजला. त्या वर्गाचा आद्य नायक म्हणून कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याचे नाव घेतात. १९९९ साली एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने आपल्या मालाच्या वेष्टनांवर मैल देऊ केले. या गृहस्थांनी हिशेब केला, की सर्वांत स्वस्त पुडिंगच्या वाटीपेक्षा तिच्यावरचे मैल महाग आहेत. त्यांनी सुमारे ३,१४० डॉलरना १२,१५० वाट्या विकत घेतल्या, वेष्टने सोलण्याचे काम एका धर्मादाय संस्थेच्या लोकांकडून करवून बदल्यात पुडिंग त्या संस्थेला दान दिले, दानाबद्दल प्राप्तिकरात सूट घेतली, आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल पदरात पाडले. याहून कौतुकाची गोष्ट खुद्द टांकसाळीची. एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून अमेरिकन टांकसाळ २००८ पासून ती दर्शनी किमतीस घरपोच देऊ लागली, टपालखर्चही स्वतः सोसू लागली. छंदिष्टांनी ती कार्डावर मागविली, खोकी न फोडता बँकेत नेऊन भरली, त्याच पैशांनी कार्डाचे बिल चुकविले आणि मैल तेवढे ठेवून घेतले. हा फेरा टांकसाळीच्या ध्यानी येऊन कार्डाचा स्वीकार बंद होण्यास २०११ साल उजाडले.

आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली पहिले क्रेडिट कार्ड काढले तेव्हा ते प्रतिष्ठेचे चिन्ह होते. २०२४ च्या आरंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आणि प्रतिष्ठा अर्थातच विरळ झाली. या अवधीत छंदिष्टांचा जो सुवर्णकाळ होऊन गेला तो थोडकाच, पण त्याच्या आठवणी ते पेशवाईच्या आठवणींसारख्या सांगतात. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस नावाच्या कार्डावर महिन्याकाठी एक लाखाचा खर्च झाला की नेहमीच्या ६,००० पॉइंटांवर २५,००० पॉइंट वरकड मिळत, आणि पाचास चार या दराने त्या ३१,००० पॉइंटांचे २४,८०० मैल होत. म्हणजे वर्षभर जो कोणी हा लाखाचा आकडा गाठू शकेल त्याने विलायतेस वरच्या वर्गातून जावे, अशी ही योजना. साहजिकच लोक लाखाच्या मागे लागले. स्नेह्यांच्या घरचे शीतयंत्र, मेव्हण्याच्या मुलीच्या शाळेची फी, शेजाऱ्याचा विमा असे जे जे म्हणून दुसऱ्याचे खर्च ते ते आपल्या कार्डावर ओढून घेऊ लागले. १ सप्टेंबर २०२३ पासून वरकड पॉइंट बंद झाले आणि विनिमयाचा दर पाचास दोन असा उतरला. जेथे २४,८०० मैल मिळत तेथे २,४०० राहिले. त्या दिवसाची नोंद लेखापालांच्या चोपडीत केवळ एका आडव्या रेघेने केलेली आहे. त्यांच्याजवळ ते कार्ड नव्हते, त्यांच्या पगारात ते बसणारेही नव्हते. तरीही रेघ ओढली, कारण त्यांच्या मते तो सगळ्या पंथाचा शोकदिन.

दुसऱ्याचे खर्च ओढून घेण्याच्या या प्रघाताला आणखीही एक शेपूट आहे. वर्षभरात एखाद्याने कार्डांच्या बिलांपोटी दहा लाख रुपये वा अधिक भरले, तर ती खबर बँकेने प्राप्तिकर खात्यास दिलीच पाहिजे असा नियम आहे. पगार सहा लाख आणि कार्डाचा भरणा चौदा लाख, असे दफ्तरी दिसले म्हणजे खात्याने विचारणा करणे ओघानेच आले, आणि मग मेव्हण्याच्या मुलीच्या फीच्या पावत्या शोधता शोधता मैलांची गोडी पार उतरते.

लेखापालांच्या पेढीपासून चार पावलांवर मराठी बोली कानी पडते. बहूबाजारच्या गल्ल्यांत सोनारांचे कारखाने आहेत, आणि जेथे सोनार तेथे गलाई, हे हिंदुस्थानभरचे समीकरण आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण व खटाव या पाऊस रुसलेल्या तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या माणसे बाहेर पडली, विट्याचे नाव त्यांनी देशातील बहुतेक सराफपेठांत पोहोचविले, आणि जुने दागिने आटवून, तेजाबात हिणकस जाळून, शुद्ध धातू वेगळा काढून देण्याचा हा कष्टाचा धंदा त्यांनी आपलासा केला. याच बहूबाजारात २०१९ च्या ऑगस्टअखेर पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खणताना जमीन खचली, दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरापाडा लेनमधील घरे कोसळली, सोनारांचे संसार आणि कारखाने रस्त्यावर आले. २०२२ मध्ये पुन्हा तडे गेले. आणि सियालदह ते एस्प्लनेड हा अवघ्या काही मिनिटांचा भुयारी प्रवास सुरू होण्यास २२ ऑगस्ट २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

लेखापालांनी मला ज्यांच्याकडे नेले ते खानापूर तालुक्यातले काका पायरीवर बसून एक तसराळे हलवीत होते. त्यात सोनाराच्या कारखान्यातील केर होता. कारागिराच्या बैठकीखालची चटई, कानशीचा चुरा, फरशीच्या सांधीतली धूळ, इतकेच काय पण कारागिरांनी हात धुतलेले पाणीही तेथे फुकट दवडीत नाहीत. ते सारे साठते, जळते, धुतले जाते, आणि तळाशी जो काळपट गाळ उरतो तो मुशीत जातो. आमच्या लहानपणी गावोगावच्या सराफकट्ट्यावर गटारातली माती घोळून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. ही त्याच विद्येची वाढलेली शाखा. काकांनी तसराळे एका विशिष्ट लयीत कलते केले, पाण्याबरोबर हलकी धूळ काठावरून ओसंडून गेली, आणि तळच्या काळसर रेतीत, उन्हाची तिरीप येताच, सुईच्या टोकाएवढे दोन-तीन कण चमकले. लेखापाल त्यांकडे टक लावून पाहत होते. मीही त्यांच्याकडे पाहत होतो, आणि हा मनुष्य आपल्या चोपडीत नेमके काय करीत असतो याचा उलगडा मला त्या पायरीवर झाला: सारे शहर रोजचा व्यवहार करते, त्यात जे सांडते ते हा झारेकरी घोळून घेतो.

काकांना कार्डांचा प्रपंच आम्ही दोघांनी मिळून समजावून दिला. दोन रुपयांत चहा-फराळ, वर्षाकाठी दार्जिलिंगचे तिकीट, आणि व्याजाचा रकाना कोरा, हे सर्व त्यांनी तसराळे हलवीतच ऐकून घेतले, आणि मग विचारले, “ते समदं खरं हाय, पाव्हणं, पर ह्यो पैसा येतो कुठनं? सोनं आटवलं की घट येतीच. ही घट कुणाची?”

प्रश्न धंद्यातला होता आणि बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधू जाता पहिला धागा दुकानदारापाशी पोहोचतो. कार्डावर शंभर रुपयांचा माल विकणाऱ्यास शंभर मिळत नाहीत. दीड-दोन रुपये बँका आणि कार्डांची जाळी चालविणाऱ्या कंपन्या आपसांत वाटून घेतात, आणि त्यातलाच एक अंश ग्राहकाला पॉइंट म्हणून परत येतो. कंपनी सरकारच्या काळी याच शहरात साहेबासाठी बाजारहाट करणारा सरकार किंवा खानसामा प्रत्येक खरेदीवर दुकानदाराकडून आपली दस्तुरी घेई, आणि दुकानदार ती आधीच किमतीत चढवून ठेवी. फरक एवढाच, की आता साहेबच स्वतःच्या खरेदीवर दस्तुरी घेतो. किमतीत चढलेला तो पैसा मात्र रोखीने घेणाराही भरतोच. त्याला दस्तुरी मिळत नाही. बहूबाजारातला सराफ यावर सरळ उपाय करतो. कार्ड पुढे केले की तो म्हणतो, वर दोन टक्के पडतील. आणि लेखापालांचे पॉइंट जागच्या जागी विरतात.

हातगाडीवाल्याची गोष्ट निराळी. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील भरण्यास दुकानदाराला काहीच कटौती नाही, आणि म्हणून कोले मार्केटच्या तोंडाशी बसलेल्या कोथिंबीरवालीच्या टोपलीवरही चौकटी-ठिपक्यांचा तो पुठ्ठा लटकत असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रूपे जातीचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाली आणि झारेकऱ्यांना नवे कुरण सापडले: आता पाच रुपयांच्या, मातीच्या भांडातल्या चहावरही पॉइंट. मात्र पुठ्ठा व्यापारी खात्याचा असावा लागतो. विक्रेत्याने आपल्या खाजगी खात्याचा लावला असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. लेखापालांनी म्हणून स्थानकाच्या परिसरातील चहावाल्यांची मनोमन शिरगणती केलेली आहे. अमक्या दाराशी बसणाऱ्याचा चहा उत्तम पण पुठ्ठा खाजगी, तमक्याचा चहा पाणचट पण पुठ्ठा व्यापारी. ते पाणचट चहा पितात. छोट्या व्यापाऱ्याच्या २,००० रुपयांपर्यंतच्या अशा भरण्यावर बँकेस दुकानदाराकडून छदामही मिळत नाही, तेव्हा हे पॉइंट ती पदरमोड करूनच देते. आणि जी बँक पदरमोड करते ती फार दिवस करीत नाही, हे लेखापाल पक्के जाणून आहेत. म्हणूनच तर घाई.

तरीही काकांच्या घटीचा मोठा वाटा अजून सांगितलेला नाही. स्थानकाजवळ मोबाइलच्या आवरणांचे एक लहानसे दुकान आहे. तेथे काम करणारा, राणाघाटहून ये-जा करणारा एक तरुण लेखापालांना काका म्हणून हाक मारतो. त्याच्या कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहे. दरमहा दरशेकडा पावणेचार या दराने त्यावर महिन्याचे व्याज होते १,५०० रुपये, व्याजावर कर २७०. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली किमान रक्कम शेकडा पाच धरली तर ती येते २,०००. तो ती इमानेइतबारे भरतो, आणि तिच्यातले १,७७० रुपये व्याजात व करात जाऊन मुदलात वळते होतात २३०. शिवाय बाकी असताना नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत नाही. आजच्या चहावर आजपासून व्याज. दरसाल पंचेचाळीस टक्के हा दर ऐकून आमच्या गावाकडचा सावकारही क्षणभर विडी विझवील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निवाडा रद्द केला, दर ठरविण्याचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे म्हणून. कायद्याच्या अंगाने ते यथायोग्य असेल. मी केवळ त्रैराशिक मांडले: या मुलाच्या एका महिन्याच्या १,७७० रुपयांत, फेरीमागे ६२ प्रमाणे, विश्रांतिकक्षाच्या अठ्ठावीस फेऱ्या बसतात.

बंगालात वैशाखाच्या पहिल्या दिवशी हालखाता असते. दुकानदार नवी लाल चोपडी देवापुढे ठेवून पूजतो, उधारीच्या गिऱ्हाइकांना आगाऊ चिठ्ठ्या धाडून बोलावतो, गिऱ्हाईक येऊन मागली बाकी पुरी वा अधुरी चुकविते, आणि मिठाईचा पुडा व देवीच्या चित्राचे कॅलेंडर घेऊन घरी जाते. बैठकखान्यातल्या त्या चोपड्या मुळात याच दिवसासाठी. आपल्याकडील पाडव्याच्या वहीपूजनाशी हे सगोत्र असले तरी बाकी चुकविणाऱ्याच्या हाती गोड ठेवण्याची रीत मला अधिक भावली. बाकी फिटावी हीच त्या व्यवस्थेत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची समाईक इच्छा असते. मिठाई दुकानदार देतो आणि आनंदाने देतो, कारण त्याचे पैसे आले. कार्डाच्या व्यवस्थेतही वेळेवर बाकी चुकविणाऱ्याला मिठाई मिळतेच, पण तिचा खर्च ज्याची बाकी फिटत नाही त्याच्याकडून निघतो, आणि त्याची ती फिटू नये यात देणाऱ्याचे हित असते. लेखापाल हालखात्याची चोपडी वापरतात, हिशेब मात्र तिच्यात नेमका उलट आहे.

हे मी त्यांना इतक्या शब्दांत बोलून दाखविले नाही; पण राणाघाटच्या मुलाचे त्रैराशिक मात्र सांगितले. ते रागावले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, “दादा, मी हे दोन रुपयांचे जेवण सोडले, तर ते पैसे त्या पोराकडे परत जाणार आहेत का?” जाणार नाहीत, हे उघड आहे. त्यांनीच पुढे सांगितले, की मुलाला ते दोनदा रागे भरले आहेत, नवी खरेदी थांबव, बाकी हप्त्यांत पाडून घे, तो दर कमी असतो, असे त्याला समजावले आहे, आणि त्याच्या हप्त्यांचेही एक पान चोपडीच्या मागल्या बाजूस घातले आहे. मी ते पान पाहिले. त्यात व्याजाचा रकाना कोरा नव्हता.

माझ्या मते या छंदिष्टांना दोष देणे जितके सोपे तितकेच निरर्थक आहे. सवलती त्यांनी निर्माण केल्या नाहीत. बारीक टाइप त्यांनी छापला नाही. ते तो वाचतात, एवढाच त्यांचा अपराध. बँकेच्या लेखी तर ते उपद्रवीच, कारण वर्षानुवर्षे व्याज न देणारे गिऱ्हाईक तिला परवडत नाही. प्रत्येक नव्या वर्षी पॉइंट थोडे घटतात, अटी वाढतात, कक्षांच्या दारांवर खर्चाच्या मर्यादा बसतात, आणि झारेकरी तसराळे उचलून पुढच्या गल्लीत जातात. या पाठलागात त्यांच्या किती संध्याकाळी खर्ची पडतात, त्यांचा रकाना मात्र मला चोपडीत कोठे आढळला नाही. मी तसे म्हणताच लेखापाल हसले आणि म्हणाले, त्या संध्याकाळी मी पत्ते खेळलो असतो.

माझ्या मुक्कामाच्या अखेरीस त्यांनी एक जुने कार्ड बंद करावयास घेतले होते. शुल्कमाफीचा आकडा यंदापासून वाढला होता आणि त्यांच्या खर्चात तो बसत नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या निर्देशांप्रमाणे, बाकी निल असेल तर बँकेने असा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकालात काढला पाहिजे; न काढल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. अर्ज केल्याचा दिवस त्यांनी चोपडीत नोंदला, मधली सुट्टी आणि रविवार वगळून सातवा दिवस काढला, त्यापुढे ‘संभाव्य जमा’ असे नवे खाते उघडले, आणि पहिल्या ओळीत पाचशेचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला. बँकेने कार्ड सहाव्या दिवशी बंद केले. त्यांनी तो आकडा खोडरबराने पुसला. बँकेच्या या अनपेक्षित तत्परतेबद्दल त्या संध्याकाळी ते बरेच नाराज होते.